वाह पेडल: आधी पायाला विचारा

पत्र: नमस्कार दादा, चार वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय. स्ट्रॅटच्या धाटणीची, सिंगल कॉइल पिकअपची (तारांची थरथर पकडणाऱ्या एकेरी वेटोळ्याची) गिटार आहे. सोबत एक फझ आणि एक ओव्हरड्राइव्ह, ही आवाज फाडणारी दोन पेडलं, आणि घरी छोटा अ‍ॅम्प. महिन्यातून दोनदा मित्रांबरोबर सराव असतो. आता वाह, म्हणजे पायाने वर-खाली करत आवाजाला 'वा-वा' बोलायला लावणारं पेडल, घ्यायचाय. मित्राचा जुना वाह आठवडाभरासाठी आणला, तर नुसता वैताग. बंद असताना गिटारवर गोधडी टाकल्यासारखा आवाज येतो. फझच्या आधी लावला तर चवडा पूर्ण खाली गेल्यावर शीळ घालतो. खरखरतोही. आणि खुर्चीत बसून वाजवताना चालूच होत नाही, स्विच दाबायला अर्धं उठावं लागतं. मला फंकची 'चिकी-चिकी' रिदम आवडते, आणि सोलोत पेडल मध्येच थांबवून तो नाकातला आवाज काढायलाही आवडतो. यादीत तीन आहेत: साधा क्राय बेबी, त्यातलाच नॉबवाला ५३५क्यू आणि मॉर्लीचा स्प्रिंगवाला. मित्र म्हणतो, लाल फॅसेल इंडक्टर आणि ट्रू बायपास नसेल तर घेऊच नकोस. काय करू?

उत्तर: तुमच्या पत्रात खुर्ची आधी आली आणि इंडक्टर, म्हणजे पेडलच्या आतलं तारेचं वेटोळं, शेवटी. क्रम बरोबर आहे. पण खुर्चीच्याही आधी तुमच्या पहिल्या दोन तक्रारी घेऊ, कारण त्या समजल्याशिवाय नवं पेडल आणलंत तर त्याच्यावरही उगाच राग काढाल.

आधी गोधडी. जुन्या वाहमधला स्विच फक्त बाहेर जाणारा सिग्नल बदलतो. आत येणारी वायर पेडल बंद असतानाही सर्किटला चिकटलेलीच असते. पिकअपमधून येणारा सिग्नल नाजूक; त्याच्यावर हा भार पडला की पहिल्यांदा ट्रेबल जातो. खात्री करायची तर गिटार थेट अ‍ॅम्पला लावा, वरच्या दोन तारा मोकळ्या छेडा, मग मध्ये बंद वाह ठेवून त्याच तारा छेडा. फरक लगेच कळतो. ट्रू बायपास, म्हणजे पेडल बंद असताना सिग्नल सर्किटला न शिवता थेट पुढे जाणं, हा त्यावरचा एक उपाय आहे, पण एकमेव नाही. पेडलच्या आत शिरतानाच बफर, म्हणजे सिग्नलला बळ देणारं छोटं सर्किट, असेल तर पिकअपला तो भार जाणवत नाही. आजच्या साध्या क्राय बेबीत असा बफर असतो. म्हणजे मित्राची ती अट निम्मी बरोबर: जुनी पेडलं घेताना पाहा, नव्यात तेवढी धास्ती नको.

आता शीळ. फझ कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण वाहशी भांडतोय म्हणजे दोन ट्रान्झिस्टरचा, फझ फेस नावाच्या पेडलच्या घराण्यातला असणार. या फझला समोर थेट गिटारचं पिकअप लागतं. त्याचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध, इतका कमी असतो की आधीच्या वाहचं आउटपुट तो अक्षरशः खाली ओढतो. मग वाहचा स्वीप, म्हणजे पेडलबरोबर होणारा आवाजाचा प्रवास, मरतो, आणि टोकाला गेल्यावर दोघं मिळून किंचाळतात. यात कुठलंच पेडल बिघडलेलं नाही, दोघांचं पटत नाही एवढंच.

म्हणून आज संध्याकाळी, काहीही विकत न घेता, क्रम बदला: गिटार, फझ, वाह, ओव्हरड्राइव्ह, अ‍ॅम्प. शीळ जाईल. आवाजाचा स्वभावही बदलेल, कदाचित तुम्हाला जास्तच आवडेल. गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार ८२ हर्ट्झची, वरची ३३० ची. साधा वाह काम करतो साधारण ४०० ते २,२०० हर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणजे तो मूळ सुरापेक्षा त्याच्या वरच्या उपस्वरांशीच जास्त खेळतो. स्वच्छ टोनमध्ये उपस्वर बेताचे, त्यामुळे वाहला चघळायला फार मिळत नाही. फझमधून आलेला आवाज उपस्वरांनी गच्च भरलेला असतो, तिथे तोच स्वीप सिंथसारखा रुंद आणि नाटकी होतो. ओव्हरड्राइव्ह मात्र वाहच्या नंतरच राहू द्या. तिथे वाह ठरवतो की कुठला पट्टा ड्राइव्हमध्ये जोरात घुसेल. आवाज जास्त बोलका आणि आटोपशीर राहतो.

फझच्या आधीच वाह हवा असा हट्ट असेल, आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या वाटेने जाणाऱ्यांना तो असतोच, तर वाहच्या आउटपुटला बफर हवा. पण तो वाह चालू असतानाच मध्ये यायला हवा. बफर कायमचा फझच्या समोर बसला, तर गिटारचा व्हॉल्यूम कमी करून फझ साफ करण्याची जी गंमत आहे ती जाते, आणि फझ कर्कशही होतो. अशी सोय केलेले वाह मिळतात, घेण्याआधी विचारून घ्या.

एवढं झालं की खरा प्रश्न उरतो. तुमचा पाय.

ड्राइव्हचे नॉब एकदा लावले की पाय मोकळा असतो. वाह मात्र सतत वाजवावा लागतो, आणि तो घोट्याने वाजतो. टाच पेडलवर टेकलेली, घोटा बिजागरीसारखा हलतोय, मांडी जवळजवळ स्थिर: असं झालं तर स्वीप तुमच्या ताब्यात. बसल्यावर काय होतं? गुडघा काटकोनात, पायाचं वजन मांडीवर आणि खुर्चीवर, चवड्यावर जवळजवळ काहीच नाही. त्यात नेहमीच्या वाहचा स्विच चवड्याच्या खाली, पेडल पूर्ण दाबलं की मगच बसणारा. म्हणून तुम्हाला उठावं लागतं. दोष तुमचा नाही, ही रचनाच उभ्या माणसासाठी आहे.

ही रचना आली कुठून याची एक छोटी गोष्ट आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅडली प्लंकेट नावाचा तरुण इंजिनियर व्हॉक्स अ‍ॅम्पमधल्या मिड वाढवणाऱ्या महागड्या स्विचच्या जागी साधा पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा रोधक, बसवत होता. पॉट फिरवल्यावर आवाज असा काही सरकला की तोच बाहेर काढून पायाखाली द्यायचं ठरलं. हाताशी ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलची पेटी होती, त्यातच सर्किट बसवलं. १९६७ साली बाजारात आलेल्या पहिल्या पेडलला म्यूट लावून ट्रम्पेट वाजवणाऱ्या क्लाइड मॅकॉयचं नाव होतं, कारण कंपनीच्या डोक्यात फुंकून वाजवायची वाद्यं होती. गिटारवाल्यांनी ते पळवलं. ऑर्गन बसून वाजवतात, त्याच ऑर्गनच्या पेडलपुढे तुम्ही बसून हैराण आहात.

मॉर्लीच्या स्प्रिंगवाल्याचं आकर्षण इथेच आहे. त्यात दाबायचा स्विचच नाही. पाय ठेवून पेडल हललं की वाह चालू, पाय काढला की स्प्रिंग ते परत नेते आणि वाह बंद. बसून वाजवणाऱ्याला हे वरदान. शिवाय आत पॉट नाही. पेडलबरोबर एक पडदा हलतो आणि प्रकाशसंवेदी घटकावर पडणारा उजेड कमी-जास्त करतो. घासणारं काही नाही, म्हणून खरखरही नाही. पत्रातली पुढची ओळ तुम्ही लिहिली नसतीत तर मी हाच घ्या म्हटलं असतं.

पण तुम्हाला पेडल मध्येच थांबवून सोलो वाजवायचाय. स्प्रिंगवाल्यात पाय उचलला की तो आवाज गेला. सोळा मात्रा एकाच कोनात घोटा धरून ठेवायचा, वर स्प्रिंग उलटं ढकलतेय आणि डाव्या हाताला बेंड सुरात आणायचाय, हे करून पाहा एकदा. पोटरी भरून येते आणि टोन हळूहळू टाचेकडे घसरतो. साध्या वाहमध्ये पेडल जिथे सोडाल तिथे राहतं, कारण आतली दातेरी पट्टी आणि बिजागरी थोडी घट्ट असते. पाय काढा, दुसरं पेडल दाबा, पुढे जा. तुमच्या दोन आवडींपैकी ही आवड स्प्रिंगच्या सोयीपेक्षा मोठी दिसते, म्हणून मॉर्ली बाद. चांगला आहे, तुमच्यासाठी नाही.

मग खुर्चीचं काय? पेडलचा तळ उघडला तर स्विच एका नटवर बसलेला दिसतो. त्याची उंची थोडी वाढवता येते, म्हणजे पेडल कमी दाबूनही तो लागतो. अर्धा फेरा फिरवा, तपासा, परत अर्धा. फार वर घेतलात तर रिदम वाजवताना चवडा खाली जाईल तेव्हा वाह आपोआप बंद होईल, आणि तेही नेमकं सरावात सगळे ऐकत असताना. दुसरा उपाय: उंच स्टूल घ्या, म्हणजे गुडघा उघडतो आणि पायाचं वजन खाली येतं. आणि तिसरा, जो मी स्वतः पाळतो: वाहचा रियाझ उभं राहूनच. बसून शिकलेला घोटा उभं राहिल्यावर नवखा होतो, कारण तोलच वेगळा असतो. सरावात उभे राहणार असाल तर घरीही उभे राहा.

राहिले दोन क्राय बेबी. इथे मित्राचा लाल फॅसेल काढू. गंमत अशी की साध्या क्राय बेबीत, म्हणजे जीसीबी ९५ मध्ये, लाल फॅसेलच असतो. तेव्हा त्याची ती अट अगदी साध्या पेडलनेच पूर्ण केली. इंडक्टरला महत्त्व आहे, नाही म्हणत नाही. वाहमधला इंडक्टर साधारण अर्ध्या हेन्रीचा आणि जोडीचा कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरडचा, शाळेतलं अनुनादाचं सूत्र लावलंत तर उत्तर येतं २,२५० हर्ट्झच्या आसपास. चवडा पूर्ण खाली असताना आवाजाचं शिखर तिथेच असतं. टाचेकडे नेलं की पॉटमधून अँप्लिफायरचा परतीचा सिग्नल वाढतो, सर्किटला तो कपॅसिटर तीसएक पट मोठा भासू लागतो आणि शिखर ४०० पर्यंत उतरतं. म्हणजे इंडक्टर या खेळातला एक गडी. कपॅसिटर, इंडक्टरच्या शेजारचा रोधक, पॉटची चाल, हे बाकीचेही तितकेच खेळतात. फक्त इंडक्टरच्या रंगावरून पेडल निवडणं म्हणजे गायकाचा आवाज त्याच्या दातांवरून ठरवणं.

त्यापेक्षा हे करा. आरशासमोर एकच सूर धरा आणि तोंड 'ऊ' वरून 'आ' वर, तिथून 'ई' वर न्या. सूर हलत नाही, पण आवाज घोगऱ्याकडून पातळ होत जातो. तोंडाची पोकळी बदलते आणि वेगवेगळे उपस्वर वर येतात. वाह हेच करतो. त्याचं नाव आपल्याला शिकवावं लागत नाही: 'व' ला ओठ मिटून गोल, 'आ' ला उघडे. आता दोन गोष्टी लक्षात घ्या. हा प्रवास कुठून कुठपर्यंत, ही झाली रेंज. आणि शिखर किती टोकदार, हा क्यू. क्यू जास्त असेल तर आवाज स्पष्ट बोलतो, पण बेस आणि वरची हवा दोन्ही गमावतो. क्यू कमी असेल तर स्वीप पसरट, अंगाला मोकळा, पण 'वा' म्हटलंय की नुसता ट्रेबल फिरवलाय ते बँडमध्ये कळत नाही.

तुमची गिटार सिंगल कॉइलची, म्हणजे मुळात उजळ. साध्या वाहचा चवडा पूर्ण खाली गेला की कानात सुई. वर आता वाह फझच्या नंतर येणार, म्हणजे दोन सुया. हंबकरवाल्याचं, म्हणजे दुहेरी कॉइलच्या पिकअपवाल्याचं, उलटं असतं, त्याला टाचेकडे चिखल होतो आणि चवड्याकडे बरं वाटतं. यासाठीच ५३५क्यू वर रेंज निवडायचा नॉब आहे, क्यूचा वेगळा आहे, आणि सोलोसाठी वेगळ्या स्विचवर बूस्टही आहे. रेंज एक पायरी खाली आणा, क्यू मध्याच्या जरा वर ठेवा. तुमचा थांबवलेला नाकातला आवाज इथे खरा फायद्यात असेल, कारण तो कुठे थांबतो हे ठरवायला नुसता पाय नाही, नॉबही हाताशी आहे.

तेव्हा माझं मत ५३५क्यू. एका अटीवर. नॉबवाली पेडलं माणसाला खेळत बसवतात. दर सरावाला सेटिंग बदललं की पायाला सवय लागत नाही. एका संध्याकाळी बसून, माफ करा, उभं राहून, सेटिंग ठरवा, नॉबवर चिकटपट्टी मारा आणि सहा महिने विसरून जा. एवढा संयम नाही असं वाटत असेल तर साधा क्राय बेबी घ्या आणि अ‍ॅम्पवरचा ट्रेबल थोडा उतरवा. त्यातही वाईट काही नाही. फंकची रिदम तर साध्यावर फारच झकास येते. त्या रिदमबद्दल एवढंच: नवशिक्याचा पाय शिलाई मशीनसारखा चालतो. उजवा हात सोळा भागांत फिरू दे, पण पाय फक्त चार ठोक्यांवर खाली जाऊ दे. सोलोत तर तेवढाही नाही, एका वाक्याला एकदा टाचेकडून चवड्याकडे.

यादीत नसलेल्या दोन जातींविषयी कुणीतरी तुम्हाला सांगेलच, म्हणून थोडक्यात. छोटे मिनी वाह पेडलबोर्डवर जागा वाचवतात, पण त्यांची चाल आखूड असते. पाय मोठा असेल तर मधल्या जागा सापडत नाहीत, आणि तुम्हाला नेमक्या त्याच हव्यात. ऑटो-वाहमध्ये पाय नाहीच. तुम्ही तार किती जोरात छेडता त्यावर फिल्टर उघडतो. छान वाद्य आहे, पण वेगळं.

घेताना पेडल स्वतःच्या गिटारवर, स्वतःच्या फझसह वाजवून पाहा, आणि सरावाला जे बूट घालता तेच घालून. अनवाणी बोटांना पेडलची कड कळते, जाड तळव्याच्या बुटात कळत नाही. मग थांबवायची जागा रोज वेगळी पडते. एकच स्वर धरा आणि पेडल टाचेपासून चवड्यापर्यंत सावकाश, मनात आठ मोजत न्या. आवाज कुठे झोपतो, कुठे अचानक उडी मारतो? सगळा बदल शेवटच्या बोटभर अंतरात कोंबलेला असेल तर तो पॉट तुमच्या घोट्याला छळणार. मग पेडल मध्यावर ठेवा, पाय काढा आणि शेजारी जमिनीवर पाय आपटा. पेडल आपोआप खाली आलं तर ते ढिलं आहे. घट्ट करता येतं, पण वापरलेलं घेत असाल तर हे बोलून घ्या.

अजून एक, कारण यात माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली आहे. पहिला वाह आणला त्या दिवशी चालू केला की नुसती गुणगुण. केबल बदलल्या, गिटार बदलली, शेवटी पेडल सदोष म्हणून परत करायला निघालो. उचलून हातात घेतलं आणि गुणगुण थांबली. मी ते पेडलबोर्डच्या पॉवर सप्लायला चिकटवून ठेवलं होतं. आतला इंडक्टर म्हणजे तारेचं वेटोळंच. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र तो आनंदाने पकडतो. वीतभर लांब सरकवलं की झालं. अ‍ॅडॅप्टर बहुतेक वाह पेडलांना ९ व्होल्टचा, मध्यभागी ऋण टोक असलेला लागतो, तरी पेडलवरचं चित्र पाहूनच लावा.

आणि मित्राचा वाह परत देण्याआधी त्याच्या तळाचे चार रबरी पाय सोडवा, तळ काढा, पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारा आणि पेडल वीस-पंचवीस वेळा वर-खाली करा. खरखर काही महिने तरी जाईल. आठवडाभर फुकट वापरलात, एवढं देणं लागतं.